सत्य निरपेक्ष, आपली जाणीव मर्यादित



आजचा प्रश्न साध्या शब्दांत मांडू. सत्य एकच आहे, ते आपल्या मानण्या-न मानण्यावर अवलंबून नाही, असं मानणारा माणूस नम्र राहू शकतो का? की 'सत्य आहे' म्हटलं की त्यामागोमाग 'आणि ते मला कळलं आहे' हे येणारच?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरं आपल्या आजूबाजूला सतत ऐकू येतात. पहिलं उत्तर देणारा म्हणतो, 'मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, मला काय सांगता?' दुसरं उत्तर देणारा जरा शिकलेला असतो. तो म्हणतो, 'अहो, ज्याचं त्याचं सत्य असतं. तुमचं तुम्हाला खरं, त्यांचं त्यांना.' पहिला माणूस उद्धट वाटतो आणि दुसरा नम्र. आपण आज असं पाहणार आहोत की दुसऱ्याची नम्रताही तपासून घ्यावी लागते.

चूक होण्यासाठी सत्य लागतं

'निरपेक्ष' म्हणजे कशाचीही अपेक्षा नसलेलं, कशावर अवलंबून नसलेलं. एखादी गोष्ट जशी आहे तशी असण्यासाठी तिला आपल्या संमतीची गरज नसते. समुद्राला भरती आली आहे की नाही, हे किनाऱ्यावरच्या लोकांनी हात वर करून ठरत नाही. इथे निरपेक्ष सत्याचा अर्थ एवढाच घ्यायचा. त्यात गूढ काही नाही.

आता नम्रतेचा विचार करा. नम्र माणूस काय म्हणतो? 'माझं चुकत असेल.' पण चुकत असेल म्हणजे कशाच्या तुलनेत चुकत असेल? माझ्या मताबाहेर काही असेल तरच माझं मत त्याला सोडून असू शकेल. 'ज्याचं त्याचं सत्य' असं एकदा मान्य केलं, की मग माझं मत हेच माझं सत्य झालं. मग मी चुकूच शकत नाही. म्हणजे नम्र वाटणारी ही भूमिका शेवटी प्रत्येकाला स्वतःपुरतं सर्वज्ञ करून सोडते!

तेव्हा आमचं पहिलं म्हणणं असं, की सत्यावरचा विश्वास आणि स्वतःच्या नजरेबद्दलची नम्रता यांचं भांडण नाही. पहिली गोष्ट नसेल तर दुसरीला अर्थच उरत नाही. हे नुसतं तर्काने पटवण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातल्याच गोष्टी घेऊन पाहू.

डहाणू-तलासरीची हलणारी जमीन

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी हे नाव तेव्हा रोज बातम्यांत असायचं. जमिनीच्या पोटातून आवाज येतात, भांडी वाजतात, भिंतींना चिरा जातात, असं लोक सांगत होते. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतला सर्वांत मोठा ४.१ एवढा होता. घराबाहेर पळताना पडून एका लहान मुलीचा त्या दिवशी मृत्यू झाला. थंडीच्या दिवसांत लोक घर सोडून बाहेर, तंबूत झोपले.

या घटनेत ज्ञानाचा एक मोठा धडा आहे. भूकंप मोजण्याची दोन मापं असतात आणि बोलताना आपण त्यांची गल्लत करतो. एक माप 'मॅग्निट्यूड', म्हणजे भूकंपाचा एकूण आकार. जमिनीच्या आत खडक सरकला तेव्हा किती ऊर्जा मोकळी झाली, त्याचा हिशोब. हा आकडा एका भूकंपाला एकच असतो. तो एका अंकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. दुसरं माप 'इन्टेन्सिटी', म्हणजे एखाद्या जागी तो भूकंप किती जोराने जाणवला ते. ते जागोजागी वेगळं असतं. केंद्रापासून तुम्ही किती लांब आहात, खाली खडक आहे की भुसभुशीत माती, घर कुडाचं की काँक्रीटचं, धक्का उथळ होता की खोल, यावर ते ठरतं.

म्हणजे बघा, आकार एक आणि अनुभव अनेक. धुंदलवाडीत माणूस घराबाहेर धावला, त्याच क्षणी बोईसरमध्ये कुणाला खुर्ची जराशी हलल्यासारखी वाटली असेल आणि मुंबईत कुणाला काहीच कळलं नसेल. तिघांचे अनुभव वेगळे, पण 'तिघांची तीन सत्यं' असं आपण म्हणतो का? नाही. एकच घटना तिघांपर्यंत तीन प्रकारे पोचली. तिन्ही अनुभव खरे आहेत आणि पुरा तिघांपैकी एकही नाही.

आता मुंबईतला माणूस म्हणाला, 'मला तर काही जाणवलं नाही, उगाच घाबरतात लोक', तर तो कुठे चुकला? त्याला जाणवलं नाही हे खरंच आहे. 'मला जाणवलं नाही' वरून 'तिथे काही झालं नाही' इथवर त्याने उडी मारली, ती चुकली. तसंच धुंदलवाडीचा माणूस म्हणाला, 'आता मोठा भूकंप होणारच', तर त्याचीही उडी मोठीच आहे. त्याची भीती मात्र निराधार नव्हती, हेही सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जे घडलं ते महाराष्ट्र विसरलेला नाही, आणि त्याच्या आदल्या वर्षीही तिथे लहान धक्के जाणवले होते. पण लहान धक्क्यांच्या मालिकेनंतर मोठा भूकंप येतोच असंही नाही. कुठली मालिका कशी संपेल हे आधी सांगण्याचं साधन आजही विज्ञानाकडे नाही.

मग झालं काय? राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था यांनी या परिसरातच भूकंपमापक बसवले. यंत्रं जवळ आली तशी नोंदींची संख्या वाढली. लांबच्या यंत्रांना जे टिपता येत नव्हतं असे हजारो बारीक धक्के नोंदले गेले. इथे दोन्ही बाजूंना शिकण्यासारखं आहे. यंत्र दूर असेल तर त्याचं 'नोंद नाही' हे 'घडलं नाही' होत नाही. आणि यंत्र जवळ आलं की माणसाच्या पायाला कळत नाही तेही कळतं. गावकऱ्याचा पाय आणि शास्त्रज्ञाचं यंत्र, दोघंही एकाच जमिनीची खबर देत होते.

आणि लक्षात घ्या, गावकऱ्याला इथे निरपेक्ष सत्याचीच गरज होती. त्याला कुणी सहानुभूतीने म्हणालं असतं, 'बरं बाबा, तुझ्यासाठी जमीन हलते', तर त्याचा काय उपयोग? जमीन खरोखर हलते आहे, ती माझ्या मनात हलत नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. ज्याच्या हातात सत्ता नाही, त्याच्या बाजूने बोलायला बरेचदा सत्य एवढंच असतं. 'ज्याचं त्याचं सत्य' म्हणून आपण ते काढून घेतलं, तर मग ज्याचा आवाज मोठा त्याचंच चालेल.

नाक काय सांगतं, आणि कधी गप्प बसतं

बोईसर-तारापूरच्या मंडळींसाठी दुसरं उदाहरण घेऊ. एमआयडीसीजवळ राहणाऱ्याला वासाबद्दल वेगळं सांगायला नको. नवा पाहुणा नाक मुरडतो आणि आपण म्हणतो, 'आम्हाला तर काही येत नाही हो वास.' नाक सरावतं. एकच वास सतत असेल तर काही वेळाने ते त्याची खबर देणं कमी करतं.

हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू आहे. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये, गाळाच्या टाकीत, काही रासायनिक प्रक्रियांत तो तयार होतो. अगदी थोडा असला तरी कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेतलं त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झालं, की वास घेणारी यंत्रणाच बधिर होते. वास गेला असं वाटतं. टाकीत उतरणाऱ्या माणसाला वाटतं, 'सुटलो', आणि नेमका तेव्हाच धोका वाढलेला असतो. त्याच्या मताचा आदर ठेवून वायू थांबत नाही. म्हणून जाणता सुपरवायझर नाकावर भरवसा ठेवत नाही. आधी गॅस डिटेक्टर आत सोडतो, हवा खेळवतो, मगच माणसाला उतरू देतो.

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. किरणोत्सर्ग ओळखणारं कुठलंच इंद्रिय आपल्याला नाही. तो दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. म्हणून अशा ठिकाणी काम करणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो, त्याला किती मात्रा मिळाली हे नंतर त्या बिल्ल्यावरून मोजतात. तो बिल्ला म्हणजे 'मला काही होत नाहीये' या भावनेवर विसंबायचं नाही असं माणसाने स्वतःशी केलेलं ठरावपत्र आहे, असं आम्ही म्हणू.

पण मग यंत्र म्हणजे सत्य का? तसंही नाही. यंत्र ज्यासाठी बनवलं तेवढंच मोजतं, जिथे ठेवलं तिथलंच मोजतं. एका वायूचा डिटेक्टर दुसऱ्या वायूबद्दल काहीच सांगत नाही. सकाळी घेतलेला नमुना रात्रीच्या हवेबद्दल बोलत नाही. त्यामुळे रहिवासी म्हणतो 'रात्री डोळे चुरचुरतात' आणि कागद म्हणतो 'सर्व मर्यादेत', तेव्हा लगेच एकाला खोटं पाडायची घाई करू नये. कागदावरचा नमुना कधी घेतला, कुठे घेतला, कशासाठी तपासला, हे विचारावं. चुरचुरणं कधी, किती घरांत, वारा कुठला असताना, हेही विचारावं. हवेत काय होतं याचं उत्तर एकच आहे. तिथवर पोचायला दोन्ही साक्षी लागतात.

हत्तीची गोष्ट आपण अर्धीच सांगतो

आपल्या परंपरेत या प्रश्नावर फार बारकाईने विचार झालेला आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते प्रमाण मानूनच चालावं. त्याला बाध करणारं काही पुढे आलं तर सोडावं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरं आहे हे ज्ञानाबाहेरून कळतं. पाणी दिसलं ते खरंच पाणी होतं का? जा, पी, तहान भागली तर होतं. हे परतःप्रामाण्य. दोन्ही पक्षांची भांडणं शतकानुशतकं चालली, पण पाणी आहे किंवा नाही, याचं एकच उत्तर आहे, याबद्दल दोघांचं दुमत नव्हतं.

व्यवहारात आपल्याला दोघांचीही गरज पडते. गावकरी म्हणाला 'हललं', तर मीमांसकासारखं आधी विश्वास ठेवा. टाकीत उतरायचं असेल तर नैयायिकासारखं आधी तपासा. चुकीची किंमत किती, यावरून कुणाचं ऐकायचं ते ठरवावं.

आणि जैनांचा अनेकान्तवाद. त्याच्याबरोबर हमखास हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट येते. कुणी पाय धरून खांब म्हणतो, कुणी कान धरून सूप म्हणतो. गोष्टीचं तात्पर्य आपण काढतो, 'पाहा, सगळ्यांचंच बरोबर.' आम्ही वर्गात शिकवायचो तेव्हाही हेच उत्तर हटकून यायचं. पण गोष्टीत हत्ती आहे, हे आपण विसरतो! खांब नाही, सूप नाही, हत्ती आहे. हत्तीच नसता तर गोष्टीत गंमत कसली?

जैन दार्शनिकांनी हे नीट जपलेलं आहे. वस्तू अनंत धर्मांची आहे, तिचं संपूर्ण ज्ञान केवलज्ञानाला होतं, आणि आपल्यासारख्यांना एकेका बाजूने होतं. त्या एका बाजूच्या ज्ञानाला ते 'नय' म्हणतात. नय म्हणजे खोटं ज्ञान नव्हे. तो खोटा केव्हा होतो? 'एवढंच खरं, बाकी सगळं खोटं' असं म्हणू लागला की. तेव्हा त्याला 'दुर्नय' म्हणतात. तसंच 'स्यात्' या शब्दाचं. मराठीत आपण त्याचा अर्थ 'कदाचित' असा घेतो आणि स्याद्वाद म्हणजे गुळमुळीत बोलणं असं समजतो. त्याचा शास्त्रातला अर्थ 'एका अपेक्षेने', 'अमुक दृष्टीने पाहता' असा आहे. त्या दृष्टीने पाहता मात्र विधान ठाम असतं. 'हत्तीचा पाय खांबासारखा आहे' हे ठामपणे म्हणता येतं. 'हत्ती खांबासारखा आहे' हे म्हणता येत नाही. आपल्या बहुतेक भांडणांत 'पाय' हा शब्द गळलेला असतो.

खात्रीच्या हातात काठी येते तेव्हा

आता एका जड विषयाकडे वळायला हवं. तो टाळून पालघर जिल्ह्यात या विषयावर बोलणं बरोबर होणार नाही.

१६ एप्रिल २०२०, टाळेबंदीचे दिवस. चोर आणि मुलं पळवणारे रात्री फिरताहेत अशी अफवा त्या भागात पसरलेली होती. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात एक गाडी अडवली गेली. आत दोन साधू आणि त्यांचा चालक होते. ते सुरतेला अंत्यविधीसाठी निघाले होते. जमावाने तिघांनाही मारून टाकलं.

ते कोण आहेत, कुठे चालले आहेत, याचं खरं उत्तर त्या क्षणी गाडीत बसलेलं होतं. विचारलं असतं, थांबून शहानिशा केली असती, तर मिळालं असतं. पण जमावाला उत्तर आधीच ठाऊक होतं. आणि नंतरच्या काही तासांत, ज्यांनी ते गाव नकाशावरही पाहिलं नव्हतं अशा देशभरातल्या माणसांनी मोबाईलवरच्या काही सेकंदांवरून आपापली खात्री करून घेतली. गुन्ह्याचं गांभीर्य याने कमी होत नाही. आपल्याला एवढंच पाहायचं आहे, की 'मला माहीत आहे' आणि 'मी आता करतो' यांच्यात थांबायला जागाच उरली नाही, की काय होतं.

गांधीजींनी या प्रश्नाचा विचार केला होता. जानेवारी १९२० मध्ये अहमदाबादला हंटर समितीपुढे त्यांची साक्ष झाली. सर चिमणलाल सेटलवाड यांनी त्यांना वकिली नेमकेपणाने विचारलं, की सत्य कोणतं हे शेवटी कोण ठरवणार? गांधीजींचं उत्तर होतं, ज्याचा तो. मग माणसागणिक मतं वेगळी होतील, गोंधळ नाही का होणार? यावर त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा, की म्हणूनच तर अहिंसा आवश्यक ठरते.

आमच्या मते या विषयावरचं हे सर्वांत मोलाचं उत्तर आहे. गांधीजींना सत्य केवळ मतापुरतं वाटत नव्हतं, त्यासाठी ते प्राण द्यायला तयार होते. पण आपल्याला दिसलेलं सत्य चुकीचं असू शकतं हेही ते मानत होते. या दोन्ही गोष्टी एकत्र मानल्या तर वागायचं कसं? आपल्या सत्यासाठी झीज सोसायची ती स्वतः. माझं चुकलं असेल तर किंमत मी मोजीन, समोरचा नाही. सत्याग्रहाचं सगळं गणित यात आलं.

१४ ऑगस्ट १९४२ ला पालघरमध्ये जे लोक निघाले, त्यांच्यापैकी पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. त्यांची खात्री कमी होती असं कोण म्हणेल? पण त्या खात्रीची किंमत त्यांनी स्वतः मोजली. गडचिंचलेत खात्रीची किंमत दुसऱ्यांना मोजायला लावली गेली. दोन्ही ठिकाणी विश्वास पक्का होता, म्हणून नुसता पक्केपणा पाहून चांगलं-वाईट ठरत नाही.

मग आपण काय करावं?

व्याख्यानातून घरी नेता येतील अशा तीन गोष्टी.

एक, विधानाला त्याची जागा जोडा. 'हवा चांगली आहे' ऐवजी 'आज सकाळी आमच्या गल्लीत मला वास आला नाही.' विधान लहान होतं आणि त्याच्या खरेपणाची जबाबदारी घेता येते.

दोन, प्रत्येक ठाम मतापाशी स्वतःला विचारा, 'हे चुकीचं असेल तर मला कळेल कसं?' याला काहीच उत्तर सुचत नसेल, तर मत पक्कं नाही, बंद झालेलं आहे.

तीन, कृती जेवढी परत न फिरवता येणारी, तेवढी तपासणी जास्त. छत्री घेऊन निघायला ढगांवरचा अंदाज पुरतो. कुणावर हात उचलायला, कुणाची नोकरी घालवायला, कुणाची बदनामी पुढे पाठवायला अंदाज पुरत नाही.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : आमची देवावर श्रद्धा आहे. ती निरपेक्ष सत्य म्हणूनच आहे. मग आम्ही 'चुकत असेल' असं कसं म्हणायचं?*

उत्तर : देव निरपेक्ष असेल तर तुमचं त्याच्याविषयीचं आकलनही निरपेक्ष आहे, असं होतं का? उलट, तो जेवढा मोठा तेवढं आपलं आकलन अपुरं, हे श्रद्धावंतालाच आधी पटायला हवं. गांधीजी आधी 'ईश्वर सत्य आहे' म्हणत. पुढे १९३१ च्या सुमारास ते 'सत्य हाच ईश्वर' असं म्हणू लागले, त्यामुळे देव न मानणारालाही त्यांच्यासोबत बसता आलं. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. त्या मालिकेतला बारावा लेख इतरत्र मिळाला आहे. त्यात अशोक सांगतो, की जो आपल्या पंथाच्या भक्तीपायी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाचं नुकसान करतो. श्रद्धा सोडा असं तो म्हणत नाही, जीभ आवरा म्हणतो.

*प्रश्न : सतत 'माझं चुकत असेल' म्हणत राहिलो तर अन्यायाविरुद्ध बोलणार कोण? कारखानदार काही अशी शंका घेत बसत नाही.*

उत्तर : प्रश्न रास्त आहे. नम्रता म्हणजे गप्प बसणं नव्हे. जेवढं दिसलं तेवढं ठणकावून सांगा. तारीख, वेळ, जागा सांगा, पाण्याचा नमुना बाटलीत भरून ठेवा, शेजाऱ्याची साक्ष घ्या. आपल्या माहितीची मर्यादा ज्याला माहीत असते, त्याच्या मर्यादेतल्या विधानाला हलवणं अवघड जातं. फुगवून सांगितलेली तक्रार एका चुकीच्या आकड्यावर पडते, मोजून सांगितलेली तक्रार टिकते. म्हणून ज्याला लढायचं आहे त्याला ही नम्रता जास्तच लागेल. समोरच्याने शंका घेतली नाही, तर ती घ्यायला लावणं हेही आपलंच काम आहे, आणि ते मोजमाप दाखवूनच होतं.

वेळ संपली आहे, इथे थांबू.